अब्जातले दहा भाग

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे नोकरी केलेल्या माणसाला पाणी म्हटले की आधी क्युसेक आठवतात, मग दशलक्ष घनफूट, आणि त्यानंतर पाण्यासाठी कार्यालयात येऊन भांडणारे लोक. पाण्यात काय विरघळले आहे, हा प्रश्न आमच्या लेखी दुसऱ्या कोणत्या तरी खात्याचा होता. निवृत्तीनंतरचे तीन हिवाळे मी मुलीकडे दक्षिण फ्लोरिडात काढले, आणि तिथल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात हिंडताना, त्याविषयी वाचताना आणि जाणकारांशी बोलताना माझी ही सोयीस्कर वाटणी टिकली नाही. ती कशी मोडली, ते आज सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सुरुवात घरामागच्या कालव्यापासून झाली. मुलगी वेस्ट पाम बीचच्या पश्चिमेला राहते. तिथल्या वसाहतींत जिथे पाहावे तिथे कालवे आहेत. पहिल्याच आठवड्यात मी जुन्या सवयीने त्यातल्या एकाचा उगम शोधत काठाकाठाने चालत निघालो. "बाबा, तुम्ही सुट्टीवर आला आहात," असे मुलीने बजावले होते, पण सवय सुटत नाही. आमच्याकडे कालव्याच्या एका टोकाला धरण असते आणि दुसऱ्या टोकाला शेवटच्या शेतकऱ्याची तक्रार. इथे एका टोकाला दलदल होती आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. म्हणजे ज्याला इथे सगळे कालवा म्हणतात तो आमच्या बोलीत निचऱ्याचा चर आहे. तो पाणी आणून देत नाही, काढून टाकतो. दक्षिण फ्लोरिडातील शहरे, उसाचे फड आणि संत्र्याच्या बागा अशा हजारो किलोमीटर चरांच्या आणि बांधांच्या जोरावर कोरड्या राहिल्या आहेत, आणि एव्हरग्लेड्सची सारी कथा या चरांतून समुद्राला गेलेल्या पाण्याची आहे.

मूळ रचना अशी. ऑरलँडोच्या दक्षिणेकडून किसिमी नदी येते आणि ओकिचोबी सरोवराला मिळते. सरोवर सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचे आहे, पण त्याची सरासरी खोली तीन मीटरही नाही, परातीसारखे पसरट. पूर्वी पावसाळ्यात ते दक्षिण काठावरून ओसंडत असे आणि ते पाणी, वाटेत पडणाऱ्या पावसाला सोबत घेत, सुमारे १६० किलोमीटर लांब आणि ठिकठिकाणी ६० किलोमीटरांहून अधिक रुंद अशा उथळ पट्ट्यातून फ्लोरिडा उपसागरापर्यंत सरकत जात असे. या पट्ट्याचा उतार किलोमीटरला जेमतेम ३ सेंटिमीटर. मुख्य कालव्याला आम्ही साधारणपणे पाच हजारास एक असा उतार देत असू. इथे तो तीस हजारास एक इतका आहे. असा कालवा एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने कागदावर काढून आणला असता तर मी तो सही न करता परत केला असता, कारण इतक्या सपाटीवर पाणी वाहते आहे की साचले आहे हे ठरवणेही कठीण.

पाणी तरीही वाहते. सेकंदाला एक सेंटिमीटरही भरणार नाही अशा गतीने, गुडघाभर खोलीतून, करवतीसारखे दाते असलेल्या उंच गवताच्या पात्यांमधून ते दक्षिणेकडे जाते. वर्षाचा पाऊस १,३०० ते १,५०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतांश मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. हे वेळापत्रक वाचून मला घरी आल्यासारखे वाटले. या संथ प्रवाहाने तळाच्या पीट मातीवर (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर) स्वतःची नक्षी काढली आहे: प्रवाहाच्या दिशेने लांबत गेलेले गवताळ उंचवटे, त्यांच्यामधले खोलगट पाणपट्टे, आणि अधूनमधून थेंबाच्या आकाराची वृक्षबेटे, ज्यांचे निमुळते शेपूट प्रवाह जातो त्या बाजूला असते. विमानातून पाहिले तर रानावरून कोणी फणी फिरवली आहे असे वाटते. मार्जोरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ मध्ये याला 'गवताची नदी' म्हटले. तोपर्यंत बहुतेकांच्या लेखी ही नुसती दलदल होती, आणि दलदलीचे काय करायचे याविषयी त्या काळच्या अभियंत्यांना यत्किंचितही शंका नव्हती.

१८८१ मध्ये फिलाडेल्फियाचा कारखानदार हॅमिल्टन डिस्टन याने फ्लोरिडा राज्याकडून ४० लाख एकर जमीन एकरी २५ सेंट दराने घेतली आणि चर खणायला सुरुवात केली. १९०४ मध्ये नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड हे एव्हरग्लेड्स कोरडे करण्याच्या आश्वासनावर गव्हर्नर म्हणून निवडून आले. सप्टेंबर १९२८ च्या चक्रीवादळाने ओकिचोबीचे पाणी दक्षिण काठाच्या मातीच्या बांधावरून लोटले आणि किमान २,५०० माणसे बुडाली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. त्यानंतर सरोवराभोवती हर्बर्ट हूवर यांच्या नावाचा बांध उभा राहिला, जो आज सुमारे २३० किलोमीटर लांब आहे. १९४७ मध्ये पुन्हा मोठे पूर आले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने मध्य व दक्षिण फ्लोरिडासाठी पूरनियंत्रणाचा विशाल प्रकल्प मंजूर केला. त्याआधी काही महिनेच, डिसेंबर १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन केले होते. एका हाताने उद्यान दिले आणि दुसऱ्या हाताने त्याच्या वरच्या अंगाला दरवाजे बसवले.

या अभियंत्यांना खलनायक ठरवणे मला जमत नाही. अडीच हजार प्रेते पाहिल्यावर बांध घालू नका असे म्हणायला कोण धजले असते? शिवाय पाणी अडवण्याचे परिणाम नेहमी एकाच दिशेने जातात असेही नाही. आमच्या गोदावरीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वरला सिंचनासाठी बंधारा बांधला, तो गाळाने भरत गेला, आणि त्या गाळाच्या उथळ पाण्यावर पक्षी इतके जमले की २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेच ठरले. तिथे बंधाऱ्याने पाणथळ जागा जन्माला घातली. फ्लोरिडात जवळजवळ निम्मा एव्हरग्लेड्स बांधांनी आणि चरांनी संपवला. हत्यार तेच होते.

जो भाग संपला त्यातला मोठा तुकडा म्हणजे सरोवराच्या दक्षिणेचे सुमारे सात लाख एकरांचे शेतीक्षेत्र. तिथले मुख्य पीक ऊस. १९६० च्या सुमारास अमेरिकेने क्युबाची साखर बंद केली आणि फ्लोरिडातल्या उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. गळीत हंगाम ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे आपल्यासारखाच. तोडणीआधी फड पेटवतात, त्याची काळी राख काठच्या गावांवर पडते आणि तिथले लोक तिला 'काळा बर्फ' म्हणतात. दुसऱ्या हिवाळ्यात जावयाबरोबर मी बेल ग्लेड या गावी गेलो. गावाचे ब्रीदवाक्य 'तिची माती हेच तिचे धन' अशा अर्थाचे आहे, आणि माती खरोखरच तशी आहे: काळी, भुसभुशीत, मुठीत घेतली तर वजनच न लागणारी. ही पीट माती म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साठत गेलेला, पुरता न कुजलेला वनस्पतींचा थर. पाण्याखाली प्राणवायू मिळत नाही म्हणून ती टिकली होती. चर खणून पाणी उतरवले की जीवाणू तिला खाऊ लागतात आणि ती कर्बवायू होऊन हवेत निघून जाते.

याचा पुरावा तिथल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात आहे. १९२४ मध्ये नऊ फूट लांबीचा एक काँक्रीटचा खांब चुनखडकाला टेकेपर्यंत मातीत उतरवला आणि त्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवला. आज त्याचे सुमारे सहा फूट जमिनीच्या वर आहेत. खांब हललेला नाही, जमीन खाली गेली आहे. पाटाखाली अति पाणी पिऊन क्षाराने पांढरी पडलेली जमीन मी नोकरीत पुष्कळ पाहिली, पुरात वाहून गेलेलीही पाहिली. पण जमीन हवेत उडून जाते हे मला आधी पटेचना. माती कुजताना नत्र सुटे होते, म्हणून तिथल्या उसाला नत्रखत जवळजवळ घालावेच लागत नाही. शेतकऱ्याला हा फायदा वाटतो, पण हिशेबाने पाहिले तर तो व्याज म्हणून मुद्दल खातो आहे. याच कुजण्यातून आणि वर दिलेल्या खतातून फॉस्फरसही सुटतो, पावसाच्या पाण्याबरोबर चरात उतरतो, आणि उपसा केंद्रांच्या मार्गाने दक्षिणेच्या गवताच्या नदीत जात राहतो.

इथून पुढे माझे शिक्षण सुरू झाले.

एव्हरग्लेड्स हा उपाशी प्रदेश आहे. तळाला चुनखडक, वरून पावसाचे पाणी, आणि त्यात फॉस्फरस नावालाच; एक अब्ज भाग पाण्यात दहा भाग किंवा त्याहूनही कमी. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा आणि त्यात एक दशांश ग्रॅम फॉस्फरस टाका, म्हणजे हे प्रमाण होते. खताच्या पोत्याला हात लावून तो टँकरमध्ये बुडवला तरी याहून जास्त होईल. या उपासमारीवरच तिथले सगळे जीवन बेतलेले आहे. उथळ पाण्यात पिवळसर, स्पंजासारखा, बोटांत धरला तर चुन्याने खरखरीत लागणारा एक थर तरंगतो आणि गवताच्या बुंध्यांना लगडतो. शैवाल, जीवाणू आणि चुना यांची ही एकत्र वसाहत. संशोधक तिला पेरिफायटन म्हणतात. पाण्यातला थोडाफार फॉस्फरस हीच वसाहत ओढून घेते, लहान मासे आणि गोगलगायी हिच्यावर जगतात, आणि चुनखडीचा चिखलही बऱ्याच अंशी हिच्यातूनच तयार होतो. करवती गवत संथ वाढते, कारण त्याला घाई परवडत नाही.

अशा जागी पोषण हेच विष ठरते. फॉस्फरस वाढला की आधी पेरिफायटनचे तुकडे पडतात, मग पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि शेवटी करवती गवताच्या जागी पाणकणीस उभे राहते. गावच्या नाल्यात, सांडपाण्याच्या डबक्यात, साखर कारखान्याच्या मागच्या ओढ्यात जे तपकिरी कणसाचे उंच गवत आपण लहानपणापासून पाहतो त्याचेच हे भावंड. कालव्यांच्या तोंडाशी त्याच्या इतक्या दाट भिंती झाल्या की पाणपक्ष्यांना उतरायला उघडे पाणी उरले नाही. हे सगळे किती फॉस्फरसला होते, हा वादाचा मुद्दा होता, आणि तो प्रयोगानेच सुटणार होता. फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी खुद्द दलदलीत लांबट बंदिस्त मार्ग उभारले आणि त्यांतून वाहणाऱ्या पाण्यात मोजून मापून फॉस्फरस सोडत राहिले. नैसर्गिक प्रमाणापेक्षा अब्जात अवघे पाच भाग जास्त दिले तरी काही काळाने पेरिफायटनचा थर विस्कटला. जास्त मात्रेत तो लवकर विस्कटला, कमी मात्रेत उशिरा, इतकाच फरक. सुरक्षित अशी वाढीव मात्रा सापडलीच नाही. मोजमापात पाच टक्के चूक चालते असे मानत आलेल्या मला हे वाचून आमची सगळी गेज-पट्ट्यांची दुनिया फार ढोबळ वाटली.

न्यायालय यात १९८८ मध्ये आले. त्या वर्षी केंद्र सरकारने फ्लोरिडाच्या राज्य यंत्रणेवर दावा लावला, कारण राज्याने सोडलेले पाणी केंद्राच्या उद्यानाला आणि लोक्साहॅची अभयारण्याला नासवत होते. १९९१ मध्ये तडजोड झाली, १९९४ मध्ये राज्याने एव्हरग्लेड्ससाठी स्वतंत्र कायदा केला, आणि पुढे अब्जात दहा भाग ही मर्यादा नियमात आली. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एव्हरग्लेड्सच्या मधोमध राहणाऱ्या मिकोसुकी या मूळनिवासी जमातीने आपल्या हद्दीतील पाण्यासाठी दहाचा आकडा राज्याच्या आधीच ठरवून मोकळा केला होता. पाणी ज्यांच्या दारातून जाते त्यांना प्रमाणाविषयी फार चर्चा करावी लागली नाही.

कायद्याने शेतकऱ्यांवरही बंधन आले. पाऊस पडल्याबरोबर शेतातले पाणी उपसून चरात न सोडता काही काळ धरून ठेवायचे, चरांतला गाळ काढायचा, मातीपरीक्षण करून खत ओळीतच द्यायचे, आणि संपूर्ण क्षेत्रातून जाणारा फॉस्फरस किमान २५ टक्क्यांनी घटवायचा. प्रत्यक्षात दीर्घकाळच्या सरासरीने घट निम्म्याहून अधिक झाली. शेतकऱ्याला दोष देण्याची फॅशन आहे म्हणून हा आकडा मुद्दाम सांगतो. पण तेवढ्याने दहा गाठता येत नाहीत, आणि म्हणून उसाच्या क्षेत्राच्या कडेला राज्याने सुमारे ६२ हजार एकरांवर मानवनिर्मित दलदली उभारल्या आहेत, ज्यांचे काम पाणी गाळणे एवढेच.

त्यांतली एक मी पक्षिनिरीक्षकांच्या गटाबरोबर जाऊन पाहिली, आणि तीन हिवाळ्यांतला माझा सर्वांत आनंदाचा दिवस तोच. बांध, दरवाजे, मोऱ्या, गेज, सगळे ओळखीचे. एकामागून एक कप्पे आहेत. पहिल्या कप्प्यात येणारे पाणी गढूळ आणि फॉस्फरसने भरलेले असते, म्हणून तिथे चक्क पाणकणीस वाढवले आहे. खालच्या अंगाला ज्याच्या नावाने शंख करायचा तेच गवत इथे सरकारी नोकर आहे, कारण अधाशीपणे पोषण ओढणे हाच त्याचा गुण. पुढच्या कप्प्यात पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती असतात. त्या दिवसा पाण्यातला कर्बवायू ओढून घेतात, पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो, विरघळलेला चुना साका होऊन खाली बसतो आणि जाताना फॉस्फरसला सोबत नेतो. पाणी पुढे सरकते तसे ते निवळत जाते, हे डोळ्यांना दिसते. मात्र शंभरावरून वीसवर येणे सोपे आणि वीसवरून तेरावर येणे महाकठीण. तेराचा उल्लेख करतो, कारण बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी कायद्याची अट अशी आहे की वार्षिक सरासरी पाचपैकी तीनपेक्षा जास्त वर्षे तेराच्या वर जाता कामा नये आणि कोणत्याही एका वर्षी एकोणीस ओलांडता कामा नये. त्यासाठी २०१२ मध्ये ८८ कोटी डॉलरचा आणखी एक कार्यक्रम हाती घेतला गेला.

शेवटचे हे सहा-सात भाग का निघत नाहीत, याच्या उत्तरात पक्षी आणि मासे आहेत. मासे तळ ढवळतात आणि बसलेला साका पुन्हा पाण्यात येतो. हिवाळ्यात उत्तरेकडून वारकऱ्यांचे थवे येतात. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा तो पाणपक्षी. तिथला अमेरिकी आहे, पण तोंडवळा आणि भूक आपल्याकडच्या वारकऱ्यासारखीच. ते पाण्याखालच्या वनस्पती फस्त करतात आणि खाल्लेले तिथेच परत करतात. आणि पाणी उतरल्यावर शेकाट्यासारखे लांब तंगड्यांचे पक्षी कप्प्याच्या ओल्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी आहेत तोपर्यंत त्या कप्प्याची पातळी वाढवता येत नाही, कारण स्थलांतरित पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे. वर उसात पाऊस झाला आहे, उपसा केंद्रावर पाणी तुंबले आहे, आणि खालचा कप्पा चार अंड्यांसाठी बंद आहे, असे आवर्तनाचे वेळापत्रक बसवताना त्यांच्या अभियंत्यांची काय तारांबळ उडत असेल याची कल्पना मला आली. नमुना नंबर सातचे पाणीमागणी अर्ज आणि आमदारांचे फोन सांभाळणारे आम्ही त्या मानाने सुखी होतो.

सरोवराची अवस्था अधिक बिकट आहे. वर्षाला १४० टनांहून अधिक फॉस्फरस ओकिचोबीत जाऊ नये असे २००१ मध्ये ठरले, पण बहुतेक वर्षी त्याच्या तिपटीच्या आसपास जातो. त्यातला बराचसा उत्तरेकडच्या गुरांच्या कुरणांतून आणि गोठ्यांतून दशकानुदशके जमिनीत मुरलेला आहे, म्हणजे आज सगळे थांबले तरी जमीन तो देतच राहील. २०१६ आणि २०१८ मध्ये सरोवरावर निळ्या-हिरव्या शैवालाची साय धरली आणि पातळी कमी करण्यासाठी सोडलेल्या पाण्याबरोबर ती दोन्ही किनाऱ्यांच्या खाड्यांपर्यंत गेली. जलपर्णी तिथेही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून आणलेली. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्याला अधिक सांगायला नको.

उलट पावली जाण्याचेही प्रयत्न आहेत आणि त्यांतला एक माझ्या धंद्याच्या दृष्टीने अद्भुत आहे. किसिमी नदीची १६६ किलोमीटरांची वळणे १९६२ ते १९७१ या काळात सरळ करून तिचा ९० किलोमीटरांचा कालवा केला होता. १९९९ पासून तो कालवा ठिकठिकाणी बुजवून नदीला जुन्या वळणांत परत सोडले, आणि २०२१ मध्ये ते काम संपले तेव्हा सुमारे ७० किलोमीटर नदी पुन्हा नदी झाली होती. खणलेला कालवा बुजवण्याचे अंदाजपत्रक मी आयुष्यात पाहिले नव्हते.

डिसेंबर २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने जी सर्वंकष योजना मंजूर झाली, ती तेव्हा ७८० कोटी डॉलरची आणि तीसहून अधिक वर्षांची होती. खर्च केंद्राचा निम्मा, राज्याचा निम्मा. आता अंदाज २,३०० कोटींच्या वर गेला आहे. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, सुधारित प्रशासकीय मान्यता हा प्रकार मला परिचयाचा आहे. योजनेचा गाभा एकच: जे पाणी चरांतून समुद्राला जाते ते साठवून, गाळून, दक्षिणेला सोडायचे. त्या वाटेत आडवा आहे १९२८ मध्ये खुला झालेला टामायामी रस्ता. टँपा ते मायामी या रस्त्याच्या भरावाने गवताची नदी धरणासारखी अडवली. २०१३ मध्ये त्यावर दीड किलोमीटरहून थोडा लांब पूल झाला, २०१९ पर्यंत आणखी काही किलोमीटरांचे पूल झाले, आणि त्यांच्याखालून आता पाणी जाते. पश्चिमेकडचे काही दरवाजे मात्र वर्षातले कित्येक महिने बंद असतात, कारण खालच्या माळावर गवतात जमिनीपासून वीतभर उंचीवर घरटे करणारी एक चिमणी आहे, जी जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथे सतत पाणी सोडले गेले आणि तिची पश्चिमेकडची वस्ती कोसळली. दरवाजे बंद ठेवले की पाणी वरच्या अंगाला, मिकोसुकी लोकांच्या वृक्षबेटांवर चढते. या भांडणात कोणाची बाजू घ्यावी हे मला आजही ठरवता आलेले नाही.

आता तो प्रयोग, ज्याने माझ्या क्युसेकची आणि त्यांच्या अब्जांश भागांची गाठ घातली. पाण्याचा वेग फार कमी झाल्याने उंचवटे आणि पाणपट्टे यांची जुनी नक्षी पुसत चालली आहे. तळाचा हलका गाळ जागचा हलत नाही आणि खोलगट पट्टे भरत जातात. म्हणून एका बांधात दहा दरवाजेबंद मोऱ्या घालून, पुढच्या बांधात मोठे खिंडार पाडून, २०१३ पासून काही हंगाम पाणी वेगाने सोडून पाहिले. पाणी स्वच्छ होते, दहाच्या आसपासचे. वेगाने गाळ हलला, तो पट्ट्यांतून उंचवट्यांकडे गेला, हवे ते घडले. पण मोऱ्यांच्या जवळ, जिथे प्रवाह सर्वांत जोरात होता, तिथे पेरिफायटन हरवले आणि पोषण वाढल्याची लक्षणे दिसू लागली. प्रमाण दहाच होते. मात्र एका बुंध्याजवळून दर तासाला जाणारे पाणी कितीतरी पटींनी वाढले होते, आणि बुंध्याला जे मिळते ते प्रमाण गुणिले प्रवाह. याला ते भार म्हणतात. प्रवाह माझ्या खात्याचा, प्रमाण दुसऱ्या खात्याचा, आणि वनस्पतीच्या मुळाशी पोहोचतो तो गुणाकार, जो आमच्याकडे कोणाच्याच टेबलावर नव्हता. पाच-सहा ओळींचा हा मुद्दा मला पदविका घेतानाच कळायला हवा होता.

एक अवांतर गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एव्हरग्लेड्समध्ये गोगलगायींवर जगणारी एक घार आहे. तिची बाकदार चोच शंखातून मांस ओढण्यासाठीच घडलेली आहे. देशी गोगलगायी घटल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या गोगलगायी आल्या, तेव्हा ही घार संपणार असे वाटत होते. ती संपली नाही. मोठ्या चोचीची पिल्ले अधिक जगली, आणि सुमारे दशकभरातच सरासरी चोच मोजण्याइतकी वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. परदेशी प्राण्यांचा सगळाच हिशेब इतका सुखाचा नाही. पाळून सोडलेल्या ब्रह्मी अजगरांनी उद्यानातले रकून आणि ओपॉसम जवळजवळ संपवले. २०१२ च्या अभ्यासात दोन्हींची घट ९८ टक्क्यांहून अधिक होती.

गेल्या जूनमध्ये परत आल्यावर मी माझ्या जुन्या उपविभागातल्या एका वितरिकेवर गेलो. कालवा निरीक्षक नवा होता, पण चहा झाला आणि मी नोंदवही मागितली. रकाने तेच होते जे १९८६ मध्ये मी स्वतः पट्टीने आखत असे: तारीख, वेळ, पातळी, विसर्ग, शेरा. पाने उलटताना शेऱ्याच्या रकान्यात फेब्रुवारीतली एक नोंद दिसली. बॉलपेनने, थोड्या वैतागानेच लिहिलेली असावी: "दरवाजा क्र. २ पूर्ण बसत नाही. पाणकणीस फार वाढले आहे."